जड पाणी, कडू घोट

आजी तुरीची डाळ कधीच विहिरीच्या पाण्यात शिजायला टाकत नसे. विहीर अंगणापासून वीस पावलांवर, तळापर्यंत पायऱ्या असलेली, वैशाखातही न आटणारी. तरी डाळीपुरतं गुंडभर पाणी जाम नदीच्या डोहावरून यायचं. "या पान्यात दाय नाई शिजत बाप्पा," एवढंच ती म्हणायची. ते कुणाला पटवून द्यायची तिला गरज नव्हती, पुरावा म्हणून घरातली भांडी होती. नुसतं पाणी तापवायचं पातेलंही महिन्याभरात आतून पांढरं व्हायचं. बंबाच्या तोटीत असा थर बसायचा, की दर दिवाळीला ती चिंचेच्या पाण्यात उकळून काढावी लागे. पावसाळ्यात जाम गढूळ झाली की आजी निवळीचं बी गुंडाच्या आतल्या बाजूला घासायची आणि गुंड झाकून ठेवायची. सकाळी गाळ तळाशी, वर निवळ पाणी.

त्याच विहिरीचं एक लिटर पाणी बाटलीत भरून मी गेल्या फेब्रुवारीत पुण्याला नेलं. बिअर बनवणाऱ्या एका मुलीला ते दाखवायचं होतं.

आमचं गाव लोधीखेडा, मध्यप्रदेशात. पाटीवर 'लोधीखेड़ा' असं ड खाली नुक्ता देऊन लिहिलेलं असतं, घरात आम्ही तो देत नाही. पूर्वी आम्ही छिंदवाडा जिल्ह्यात होतो. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा सौसर तालुका त्यात गेला आणि आम्हीही. शाळा हिंदी, बोली मराठी, बाजार नागपूरचा. शेतात संत्रा आणि कापूस. भूगर्भशास्त्रज्ञांना आमचा तालुका वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. मध्य भारतातल्या फार जुन्या खडकांचा एक अख्खा समूह 'सौसर समूह' या नावाने ओळखला जातो. त्यात मॅंगनीज आहे, आणि संगमरवराचे पट्टे आहेत. संगमरवर म्हणजे शेवटी चुन्याचाच दगड. इकडच्या काळ्या जमिनीतही चुनखडीचे खडे सापडतात. संत्र्याच्या बागायतदाराला त्यांचा धाक असतो, कारण जिथे चुनखडी जास्त तिथे झाडाला लोह मिळत नाही, पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी पडते. आमच्या बागेच्या दक्षिण कोपऱ्यातली सात झाडं अशीच गेली. डाळ न शिजवणारं पाणी आणि झाड पिवळं पाडणारी जमीन ही एकाच घरातली भावंडं आहेत, हे मला फार उशिरा कळलं. ते कळण्याच्या वाटेवर ही बिअर भेटली, म्हणून लिहायला बसलो.

माझी भाची पुण्यात नोकरी करते. तिची मैत्रीण मुंढव्याच्या बाजूला एका छोट्या ब्रुअरीत ब्रूअर आहे. छोटी ब्रुअरी म्हणजे जिथे बिअर बनते तिथेच ती पेल्यात ओतली जाते. बाटली नाही, लेबल नाही, ट्रक नाही. फोनवर भाची म्हणाली, "मामाजी, तिनं यंदा इंग्लंडची बिटर केली आहे. आणि ती भेटेल त्याला गावचं पाणी कसं आहे ते विचारत असते. तुमचं डाळीचं सांगितलं तर म्हणाली, एक बाटली घेऊन या म्हणावं."

आमच्या घरात दारूला जागा नाही. जामसावळीच्या निजलेल्या मारुतीला जाणारं घर. शनिवार पाळणारं. गावात दारूने मोडलेली घरंही मी पाहिली आहेत, त्यामुळे तिच्याबद्दल हौसेने बोलणं मला जमत नाही. नागपुरात लग्नाकार्यात दोनतीनदा बिअर घेतली होती, बर्फासारखी गार, डोक्यात जाणारी, चवीचं नाव नाही. पण कुणीतरी माझ्या विहिरीचं पाणी मागतंय, या गोष्टीने मला उठवलं. आजवर त्या पाण्याला सगळ्यांनी नावंच ठेवली होती.

गावाहून सावनेरमार्गे नागपूर साठेक किलोमीटर. पुढे महाराष्ट्र एक्सप्रेस. एका पिशवीत मृगबहाराची दोन डझन संत्री, दुसऱ्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली बाटली. नागपूर-पुणे हा प्रवास मी अनेकदा केला आहे, पण पाणी घेऊन निघाल्यामुळे या वेळी सगळा रस्ता पाण्याचाच दिसायला लागला. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं, आणि खिडकीबाहेर खारपाणपट्टा सुरू झाला. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. आमच्या पाण्यासारखं चुन्याचं नाही, मिठाचं. ते पिकाला देता येत नाही, माणसाने प्यायलं तर मूत्रपिंडाला जड जातं. समोर बसलेले मूर्तिजापूरकडचे एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे पोरगी देताना आधी पाणी कुठून येतं ते विचारतात. मी बाटली काढून दाखवली. त्यांनी झाकण उघडून एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि म्हणाले, "गोड आहे की!" माझ्या जड पाण्याला कुणी गोड म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या जिभेला चुन्याचं पाणी गोड लागतं.

मनमाडला रात्र झाली. इथे आमची गाडी दौंडच्या वाटेने पुण्याकडे वळते. सरळ गेलं तर नाशिकरोड आणि देवळाली. या देवळालीचा बिअरशी संबंध आहे. १८६१ मध्ये इंग्रजांनी तिथे लष्करी छावणी उभारली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे राहायचे, कधी महिनोन्महिने. काम नाही, ऊन आहे, मलेरिया आहे. अशा शिपायाचं डोकं फिरलं की सोबती म्हणायचे, याला 'डूलाली टॅप' झाला. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजीत 'डूलाली' हा वेडसर या अर्थाचा शब्द अजून आहे. २००९ मध्ये पुण्यात देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक निघाली, तिने हेच नाव घेतलं. पुढे तिच्या दुकानांना 'डूलाली टॅपरूम' म्हणू लागले. तिथे टॅप म्हणजे बिअरची तोटी. नाशिक जिल्ह्यातलं एक गाव शिपायांच्या तोंडून विलायतेला गेलं आणि दीडशे वर्षांनी पुण्याच्या तोटीतून परत आलं.

सकाळी अकराला, गिऱ्हाईक यायच्या आधी, आम्ही ब्रुअरीत पोचलो. मुलगी गमबूट घालून ओल्या फरशीवर उभी होती, हातात नळी. काचेमागे स्टीलच्या टाक्या. वास आला तो सातूच्या पिठाचा; लहानपणी उन्हाळ्यात गूळपाण्यात भिजवून खायचो, अगदी तोच. तिने मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. "खाऊन बघा, मामा."

हे जव. भिजवून मोड आणलेले, मग गरम हवेत वाळवलेले. यालाच मॉल्ट म्हणतात. नाचणीचं सत्त्व करताना आपण हेच करतो, तिथे ते दळून बाळाला देतात. दाणा दाताखाली कुरकुरला आणि मागून गोडी आली. मोड येताना दाण्यात पिठाची साखर करणारे पाचक रस तयार होतात. भरडलेलं मॉल्ट साधारण ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की ते रस बाकीचं काम उरकतात. तो गोड काढा गाळायचा, उकळायचा, उकळताना त्यात हॉप्स टाकायचे, गार करून यीस्ट सोडायचं. हॉप्स म्हणजे एका वेलीची कोनासारखी फुलं. आपल्याकडे ती हिमाचलात लाहौलला होतात, पण या बिटरसाठी तिने इंग्लंडचीच आणली होती. लवकर टाकली की कडूपणा देतात, उशिरा टाकली की वास.

पेला आला. रंग गुळाच्या कोऱ्या चहाचा, उन्हात धरल्यावर तांब्याचा. फेस बोटभरही नाही, बुडबुडे मोजके. पेल्याला हात लावला तर फारसा गार नव्हता. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "हे मी मुद्दाम अर्धा तास बाहेर ठेवलंय. माठातल्या पाण्याहून जरा गार, बस. ११ ते १३ अंश. याहून थंड केलं तर जीभ बधिर होते आणि मग तुम्ही नुसता थंडावा पिता."

पहिला घोट. आधी पोळीचा भाजलेला पापुद्रा. मग कुठल्यातरी फळाचं अस्तर, ते पक्कं सांगता येईना. मग हळूच, जिभेच्या मागच्या बाजूला, कडू. पाडव्याच्या कडुलिंबासारखं एकदम अंगावर येणारं कडू नाही, मेथीचं. मेथीची भाजी ज्वारीच्या भाकरीशी खाताना भाकरीची गोडी आणि भाजीचा कडसरपणा एकमेकांना जागा करून देतात, तसं. घोट गिळल्यावर गोडी निघून गेली आणि कडू मागे राहिलं. तोंड स्वच्छ, किंचित कोरडं. त्या कोरडेपणामुळेच दुसरा घोट घ्यावासा वाटला.

"फळ कुठलं?" तिने विचारलं.

मला सांगता येत नव्हतं आणि ते अगदी ओठांवर होतं. मग मी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं. आमच्या संत्र्याची साल सैल, एका ओढीत हातात येते. तिने सालीचा तुकडा घेतला, पेल्यावर धरून दुमडला. उन्हाच्या तिरिपेत तेलाचा बारीक फवारा उडालेला मला स्पष्ट दिसला. "आता घ्या वास."

तेच होतं. पेल्यातही तेच, सालीतही तेच. गराचा वास नव्हे, सालीच्या आतल्या पांढऱ्या पडद्याजवळचा, किंचित कडवट. हंगामात पॅकिंगच्या शेडमध्ये हातांना रात्रीपर्यंत येत राहतो तो. 'ईस्ट केंट गोल्डिंग्ज' असं त्या हॉप्सचं नाव. इंग्रज लोक त्याला मार्मलेडचा वास म्हणतात, म्हणजे संत्र्याच्या सालीच्या मुरंब्याचा. केंट परगण्यातल्या वेलीच्या फुलात आमच्या बागेचा वास कसा आला, याचं उत्तर रसायनात असेल. मी मात्र तो पेला हातात धरून बराच वेळ गप्प बसलो होतो. भाची म्हणाली, "मामाजी, आवडली नाही का?" आवडली होती. घरापासून नऊशे किलोमीटरवर घरचा वास आल्यावर माणूस लगेच बोलत नाही.

ही बिअर फार चढत नाही. साध्या बिटरमध्ये मद्यार्क साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास. इंग्लंडमध्ये ती ५६८ मिलिलिटरच्या पाइंटमध्ये देतात आणि माणसं एकेका पाइंटवर तासभर बोलत बसतात. नावही गिऱ्हाइकांनी दिलेलं. ब्रुअरीच्या वहीत ती पेल एल असायची. लोक काउंटरवर येऊन 'बिटर द्या' म्हणायचे, कारण जुन्या गोडसर बिअरहून ती कडू होती.

तिची थोरली बहीण तर आपल्याच देशासाठी निघाली. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये बो इथे हॉजसन नावाच्या माणसाची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या बोटी लागायच्या त्या गोदीच्या जवळ. त्याची हॉप्स भरपूर घातलेली बिअर पिंपांतून मुंबई, कलकत्ता, मद्रासला यायची. हॉजसनच्या घराण्याशी व्यापाऱ्यांचं बिनसल्यावर १८२२ च्या सुमारास बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावच्या सॅम्युएल ऑलसॉपने तशीच बिअर करून पाहिली, आणि ती लंडनच्या बिअरहून सरस निघाली. अधिक स्वच्छ, अधिक उजळ, कडूपणा धारदार. त्याच सुमारास, १८२१ मध्ये, नागपूरजवळ कामठीला छावणी वसली. कामठी कन्हानच्या काठी. आमची जाम कन्हानलाच मिळते. लोधीखेड्यावरून गेलेलं पाणी पुढे कामठीच्या छावणीखालून वाहायचं, आणि तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हवी असायची ती समुद्रावरून आलेली, दुसऱ्या कुठल्यातरी विहिरीच्या पाण्याची बिअर.

बर्टनची बिअर सरस का निघाली? माणसं तीच, जव तेच, हॉप्स तेच. फरक विहिरीत होता. ट्रेंटच्या खोऱ्यात जमिनीखाली जिप्समचे थर आहेत. तिथल्या पाण्यात कॅल्शियम सल्फेट विलक्षण प्रमाणात उतरतं. काही विहिरींत सल्फेट लिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या वर. या सल्फेटने हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि रेखीव होतो. हे कळल्यावर दुसऱ्या गावचे ब्रूअर आपल्या पाण्यात जिप्सम घालू लागले. त्या कृतीला नावच पडलं, पाण्याचं बर्टनीकरण.

मुलीने माझी बाटली घेतली. आधी क्षार मोजायचा मीटर बुडवला, आकडा सहाशेच्या वर गेला. मग एका छोट्या नळीत पाणी घेऊन रंगाचा थेंब टाकला, आणि दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब सोडत, ओठ हलवत मोजत राहिली. निळसर रंग बदलेना. दहा, पंधरा, वीस. रंग फिरला तेव्हा तिने मान वर केली.

"चुना, मामा. भरपूर चुना. सल्फेट असेल थोडंफार, पण ही बर्टनची विहीर नाही."

मग उरलेल्यातलं अर्धं पाणी किटलीत घालून तिने उकळत ठेवलं. पाचेक मिनिटांत ते धुरकट झालं, मग दुधाचा एक थेंब पडावा तसं. गार व्हायला ठेवलं. तासाभराने तळाशी आणि कडेला पांढरी साय बसली होती. मी बोटाने ती पुसली. खरखरीत, रांगोळीच्या पुडीसारखी. आजीच्या पातेल्यातलीच. वरचं पाणी अलगद ओतून तिने परत मीटर लावला, आकडा बराच उतरला होता.

शाळेत हे आम्ही हिंदीत शिकलो होतो: अस्थायी कठोरता, स्थायी कठोरता. उकळल्यावर जाते ती अस्थायी, चुन्याची; उकळूनही राहते ती स्थायी, जिप्समसारख्या क्षारांची. मराठी पुस्तकांत याला दुष्फेन पाणी म्हणतात, साबणाचा फेस न होऊ देणारं. पन्नास वर्षं ही माझ्यासाठी परीक्षेची दोन वाक्यं होती. किटलीच्या तळाशी बोट फिरवल्यावर त्यांना अर्थ आला.

"आणि डाळ?" मी विचारलं.

"डाळीच्या दाण्यात, पेशींच्या मधे, पेक्टिन असतं. शिजताना ते सुटायला हवं. पाण्यातलं कॅल्शियम त्याला बांधून ठेवतं, म्हणून दाणा कडकच राहतो." ती हसली. "पण बिअरमध्ये तेच कॅल्शियम माझ्या कामाचं. यीस्ट खाली बसायला मदत करतं, बिअर निवळते."

निवळते, हा शब्द तिच्या तोंडून आला आणि मी आजीची निवळी सांगितली. तिला ती माहीत नव्हती. मग तिने तिची गोष्ट सांगितली. ती सातपाटीची, कोळ्यांची. इंग्लंडमध्ये पिंपातली बिटर निवळायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरतात. तो यीस्टला पकडून तळाशी नेतो. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाची ही पिशवी, कोळी तिला भोत म्हणतात, सोन्याच्या भावाने जाते. परदेशात तिचा एक उपयोग हाही आहे. "आजोबांच्या जाळ्यात मोठी घोळ आली की घरात सण असायचा," ती म्हणाली. "ते भोत विकायचे, पण जातं कुठे हे त्यांना कधी कळलं नाही. मला ब्रूइंगच्या पुस्तकात वाचताना कळलं. त्या दिवशी मी घरी फोन केला होता." ती स्वतः ते वापरत नाही, टाकीत थंड ठेवून वाट बघते. पण आमच्या घरी गुंडात निवळीचं बी घासणारी आजी आणि तिच्या धक्क्यावर भोत सोडवणारे आजोबा एकाच पेल्यापाशी येऊन बसले, याचं मला मोठं अप्रूप वाटलं.

पुण्याच्या नळाला खडकवासल्याचं पाणी. सह्याद्रीवर पडलेला पाऊस काळ्या कातळावरून धरणात येतो, वाटेत फारसं काही उचलत नाही. ती ते आणखी गाळून जवळजवळ कोरं करते आणि मग त्यात हवे ते क्षार मोजून टाकते. म्हणजे पुण्याच्या पाण्याचं ती बर्टन करते. तिने डबा उघडला. पांढरी मऊ पूड. मी लगेच ओळखली. "हे तर आम्ही चोपण जमिनीत टाकतो."

"तेच जिप्सम. हे फक्त खाण्याजोगं शुद्ध केलेलं."

मग तिने दोन पेले मांडले. एकाच टाकीतून काढलेली एक वेगळी बिअर, क्षार अगदी कमी घातलेली. एका पेल्यात जिप्सम कालवलेल्या पाण्याचे मोजके थेंब टाकले, दुसऱ्यात नुसतं पाणी तितकंच. ढवळून पेले माझ्या पाठीमागे फिरवले, म्हणजे कुठला कुठला ते मला कळू नये. मी डावा घेतला. बरा होता, गोलसर, कडूपणा गोडीत मिसळलेला, कुठे संपला ते कळलं नाही. उजवा घेतला. तीच बिअर, पण कुणीतरी खिडकी पुसल्यासारखी. कडूपणाला कड आली. तो कुठून सुरू झाला आणि कुठे संपला ते जिभेवर बोट ठेवून दाखवता आलं असतं. चिमटीहून कमी पूड. ज्या जिप्समची पोती मी पाठीवरून बांधावर उतरवली आहेत, त्याला चव बदलता येते हे मला त्या घोटापर्यंत माहीत नव्हतं.

"आणि माझ्या पाण्यात ही बिटर केली तर?"

तिने सरळ सांगितलं, आणि ते मला आवडलं. "नको, मामा. चुन्याने काढ्याचा आंबटपणा मारला जातो. मग दाण्याच्या टरफलातलं तुरट उतरतं आणि कडूपणा घशाला चिकटून बसतो. तुमच्या पाण्याची बिटर खरखरीत होईल."

मी गप्प झालो. इतक्या लांबून आणलेल्या पाण्याला इथेही नकारच मिळाला.

"पण," ती म्हणाली, "काळी बिअर? डब्लिनचं पाणी बघा, म्युनिकचं, लंडनचं. तिथेही चुना. म्हणून तिथे काळ्या बिअरी वाढल्या. काळपट भाजलेल्या दाण्यात स्वतःचा आंबटपणा असतो, तो चुन्याला सावरून घेतो. पिल्झेनचं पाणी अगदी मऊ, तिथे १८४२ मध्ये पिवळीधमक लागर जन्मली. कुणी आधी ठरवलं नव्हतं. जे पाणी होतं त्यात जे चांगलं झालं ते लोकांनी ठेवलं. तुमच्या पाण्यात स्टाउट होईल, मामा. छान होईल."

मला तेव्हा आमच्या हाटातली मोहाची दारू आठवली. सातपुड्यातली गोंड माणसं ती फार निगुतीने काढतात. फुलं कधी वेचायची, किती वाळवायची, मडक्याखाली कुठलं लाकूड जाळायचं, सगळं ठरलेलं. पण ती वाफेची. वाफ वर जाते, क्षार खाली मडक्यात राहतात. मोहाच्या दारूत फूल असतं, मूळचं पाणी तसं उरत नाही. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, आणि ते विहिरीतून आलं तसंच, आपले क्षार घेऊन पेल्यात येतं. एखाद्या गावचं पाणी त्या गावाबाहेर नेऊन कुणाला चाखवायचं असेल, तर हा एक रस्ता आहे असं मला तिथे बसून वाटलं. आम्ही संत्रं पाठवतो, कापूस पाठवतो. पाणी कधी पाठवलं नव्हतं.

दुपारी ब्रुअरी उघडली, माणसं येऊ लागली. शेजारच्या टेबलावर कुणी आंब्याची बिअर मागितली, कुणी गव्हाची. बिटर फार जात नाही, ती म्हणाली; लोक पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात. तरी वर्षातून एकदा ती करतेच. मी दुसरा पेला घेतला नाही. पहिल्याचा कडूपणा अजून तोंडात होता आणि तो मला तसाच हवा होता. संत्री तिथेच ठेवली. बाटलीत तळाशी उरलेलं पाणी तिने ओतू दिलं नाही. वर तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवलं.

मला वाटलं होतं, थोडी बिटर घरी न्यावी. पण एका राज्याची दारू दुसऱ्या राज्यात अशी नेता येत नाही. पाणी विनापरवाना गेलं, बिअर परत आली नाही. परतीच्या गाडीत पुन्हा अकोला लागलं तेव्हा पहाट होती आणि खारपाणपट्ट्यावर धुकं होतं.

घरी आल्यावर आईने विचारलं, पुण्याहून काय आणलंस. मी खिशातून कागदाची पुडी काढली, ब्रुअरीतल्या मुलीने दिलेलं चिमूटभर जिप्सम. आईने जिभेवर टेकवलं. "खडू हाये," म्हणाली, आणि पुडी देवळीत ठेवली. आता आमच्याही स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, डाळ त्यातल्या पाण्यात शिजते. विहिरीचं पाणी बागेला आणि गुरांना. त्या संध्याकाळी मी तांब्याभर काढून प्यायलो. घोट तोंडात धरून ठेवला, पुण्यात शिकवल्यासारखा. मूर्तिजापूरकराची गोडी मला पहिल्यांदा लागली, आणि तिच्या मागे, अगदी शेवटी, दगडाचा स्पर्श.

आठवड्याभराने त्या मुलीचा फोन आला. पुढच्या हंगामात एक छोटा घाणा काळ्या बिअरचा टाकायचा म्हणाली, वीस लिटरचा, नुसत्या लोधीखेड्याच्या पाण्यावर. काही मिसळायचं नाही, काही काढायचं नाही.

"आत्ता पाठवू?" मी विचारलं.

"आत्ता नको. आणि पावसाळ्यातलं तर मुळीच नको, ते पातळ असतं. वैशाखात पाणी सगळ्यात खाली जाईल ना, तेव्हाचं द्या. त्यात तुमचा दगड सगळ्यात जास्त असेल."

कॅन आणून ठेवला आहे, आतून गरम पाण्याने धुऊन. रोज संध्याकाळी मोटर बंद केली की मी विहिरीत वाकून बघतो. कडेच्या दगडांवर गेल्या वर्षीच्या पातळीची पांढरी रेघ आहे, चुन्याची. अजून पाणी तिच्यावर तीन पायऱ्या आहे.